अकरावी शेवंती

हालिना मावशी, तुला पुरून आज बारा दिवस झाले, आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा अजून तू ठेवलास तसाच अर्धा सरकवलेला आहे. माझ्या सिंकसमोरून तो नीट दिसतो. भांडी घासताना सवयीने मान वर जाते. पूर्वी तिथे तुझा चेहरा असायचा. तू काचेवर टकटक करायचीस आणि हातवाऱ्यांनी विचारायचीस, एवढं पाणी कशाला? आता मीच नळ बारीक करते, आणि निम्मी भांडी तशीच ठेवून खुर्चीत येऊन बसते. हल्ली मला फार दमायला होतं.

दफनानंतर सगळे मिलवॉकी ॲव्हेन्यूवरच्या तुझ्या आवडत्या हॉटेलात जेवायला गेलो. तुम्हा पोलिश लोकांत माणूस पुरल्याबरोबर गरम सूप, कटलेट आणि बटाटे असं पोटभर जेवतात, हे तू सांगितलेलं होतंस, तरी मी नुसतं सूप ढवळत बसले. तुझ्या मुलाने, मारेकने, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी इंग्रजीत चार वाक्यं बोलले. चांगली शेजारीण होती, आम्हाला खूप मदत केली, वगैरे. तू ऐकत असतीस तर तिथेच टोकलं असतंस, की शेजारीण काय, दहा वर्षं माझी किल्ली तुझ्याकडे आणि तुझी माझ्याकडे. म्हणून आता मराठीत लिहिते आहे. तुला मराठी येत नव्हतं हे खरं, पण इंग्रजी तरी आपल्या दोघींना कुठे धड येत होतं?

आणि हे ‘तू’ मी कमावलेलं आहे, हेही इथे सांगून टाकते. पहिली दोन वर्षं तू मला नावाने हाक मारू दिली नाहीस. तुमच्याकडे ओळख झाली म्हणून लगेच कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. मग एकदा थंडीत तू चेरीच्या दारूचे दोन इवलेसे पेले भरलेस, माझा हात तुझ्या कोपरात अडकवलास आणि म्हणालीस, आता पी, आजपासून मी हालिना. मी आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यायले ती अशी, सातारच्या मास्तरांची मुलगी, दुपारी तीन वाजता, हातात हात अडकवून. घशात आग लागली होती. पण नुसतं हालिना म्हणणं मला काही जमेना, म्हणून मी शेपटीला मावशी जोडलं. तू अर्थ विचारलास. आईची बहीण, म्हटल्यावर तू दुसरा पेला भरलास.

पण आपली सुरुवात झाली ती माझ्या चुकीने. आम्ही या घरात नवे होतो. खुब्याचं ऑपरेशन होऊन तू हॉस्पिटलातून घरी आली होतीस, आणि दसरा होता. आजारी शेजारणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पेढे आणले, आणि तिथल्याच फुलवाल्याकडून पिवळ्याधमक शेवंतीच्या अकरा काड्या. तुझ्या दारात चपला काढल्या. अमेरिकेत पहिल्यांदाच मला चपला काढल्याबद्दल कुणी नवलाने बघितलं नाही. उलट तू वॉकरवरून वाकून टोपलीतल्या पाहुण्यांच्या सपाता पुढे सरकवल्यास. मग माझ्या हातातली फुलं बघितलीस आणि तुझा चेहरा उतरला.

“कोण गेलं?” तू विचारलंस.

“कुणी नाही. तुमच्यासाठी आणलीत.”

“मी अजून आहे,” तू म्हणालीस. मग एकेक काडी मोजलीस. “अकरा आणलीस हे बरं केलंस. अकरा जिवंत माणसाला चालतात. कबरीवर समसंख्या लागते.”

शेवंती तुमच्याकडे फक्त मेलेल्यांची, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे देवीला शेवंती, वेणीत शेवंती, गाडीच्या बॉनेटवर शेवंती. नुकत्याच हॉस्पिटलातून परतलेल्या म्हातारीच्या हातात मी मयताची फुलं ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र कोट चढवलास. “आणलीच आहेस तर वाया कशाला घालवायची. गाडी काढ. काझिमिएझकडे जाऊ.”

काझिमिएझ म्हणजे तुझा नवरा, त्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली. मी तुला वॉकरसकट गाडीत घातलं आणि वीस मिनिटांवरच्या सेमेटरीत नेलं. त्याच्या दगडावर त्याच्या शेजारी तुझंही नाव कोरलेलं होतं, जन्माचं वर्ष, पुढे एक आडवी रेघ आणि मग कोरी जागा. माझ्या अंगावर काटा आला. तुला त्याचं काही नव्हतं. “दोघांचं एकदम कोरलं की स्वस्त पडतं,” म्हणालीस. दहा फुलं त्याला वाहिलीस आणि अकरावं माझ्या हातात परत दिलंस. “हे तुझ्या माणसांना.”

“माझी सगळी आहेत,” मी म्हटलं. तेव्हा बाबाही होते.

“मग घरी पाण्यात ठेव. फुलाने कुणी मरत नाही.”

तेव्हापासून दर वर्षी एक नोव्हेंबरला तुझी ड्रायव्हर मी. त्या दिवशी तुमचा अख्खा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो, रस्ते तुंबतात, लोक दिवसभर गाडीत बसून कुठल्या कुठल्या गावी पोचतात, असं तू सांगायचीस. इथे शिकागोतही तुम्ही लोक तेच करता. भांड्यांचा साबण, तारेचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, रबरी हातमोजे. तू ऐंशीच्या घरात, वारा अंगात सुया टोचणारा, आणि तू गुडघ्यावर बसून दगड घासते आहेस. मी एकदा न राहवून म्हटलं, “मावशी, हे सगळं कामच आहे की.” तू मान वर न करता म्हणालीस, “कामच आहे. आता त्याच्यासाठी दुसरं करू तरी काय?”

तुझ्या देशाबद्दल मला आधी काय माहीत होतं? शाळेत महायुद्धाच्या धड्यात पहिल्याच ओळीत पोलंडवर हल्ला होतो आणि दुसऱ्या ओळीपासून ते कुठे जातं कळत नाही. एकदा मी तसं म्हटलं तर तू टेबलावरचा पसारा बाजूला केलास. मधोमध एक बशी ठेवलीस. तिच्या उजवीकडे चहाची किटली, डावीकडे पावाचा लांब लोफ. “ही किटली रशिया, हा पाव जर्मनी. बशी आम्ही.” मग बशी उचलून मांडीवर घेतलीस. शंभरावर वर्षं नकाशावर बशीच नव्हती. शेजाऱ्यांनी वाटून खाल्ली. तेवढा काळ तुम्ही भाषा घरात आणि चर्चमध्ये जपलीत, आणि प्रत्येक पिढीने एकदा तरी उठाव करून मार खाल्ला. “आम्ही हरण्यात फार हुशार,” तू म्हणालीस, आणि त्यात फुशारकी होती का दुःख, ते मला कधीच ठरवता आलं नाही. मग बशी पुन्हा टेबलावर आली. मोठी लढाई झाली, राजधानीच्या विटाही उरल्या नाहीत, लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून तीच घरं तशीच्या तशी पुन्हा बांधली. आणि लढाई संपल्यावर किटलीने बशीला ढोसून पावाकडे सरकवलं.

“माझं गाव इथे होतं,” बशीच्या उजव्या काठाबाहेर बोट ठेवून तू म्हणालीस. “ते खाली पडलं.”

तू तेव्हा तान्ही होतीस. तुझ्या वडिलांना सैनिक घेऊन गेले, पूर्वेला कुठेतरी, आणि ते परत आले नाहीत. कुठे गेले, कसे गेले, कुठे पुरलं, कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या आईला तुम्हा पोरांसकट मालगाडीतून पश्चिमेला आणलं आणि एका घरात सोडलं, ज्यातून जर्मन कुटुंबाला नुकतंच हाकललेलं होतं. कपाटात त्यांच्या बश्या तशाच होत्या. आपल्यालाही उद्या असंच उठवतील म्हणून तुझी आई कित्येक वर्षं बोचकं सोडायला तयार नव्हती. हे ऐकताना मी मान खाली घातली होती. एच-वन व्हिसाच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी इथे राहू का नाही या घोरात मीही सहा वर्षं प्लास्टिकच्या ताटल्यांवर काढली होती. त्याची आणि याची तुलना होत नाही, मला कळतं. पण मी तुला ते सांगितलं तेव्हा तू ती केलीस. पुढच्याच आठवड्यात चिनी मातीच्या सहा बश्या माझ्या दारात आणून ठेवल्यास.

तुझी गंमतही आठवते, नुसतं रडगाणं गात नाही. अमेरिकेत ‘कसं काय’ विचारलं की सगळे ‘मस्त’ म्हणतात. तुला विचारलं की तू खरंच सांगायचीस, गुडघ्यापासून सरकारपर्यंत. तक्रार न करणाऱ्या माणसाचा तुला संशय यायचा. रांग दिसली की तू उभी राहायचीस, कारण तुझ्या तरुणपणी आधी रांगेत घुसायचं आणि काय मिळतंय ते मग विचारायचं अशी रीत होती. वाढदिवस तुला नको असायचा, तुमच्यात नावाचा दिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, साजरा करतात. राय नावाच्या धान्याचं काळसर पीठ आंबवून तू ते आंबट सूप करायचीस, आणि पहिल्या चमच्याला मी म्हटलं होतं की ही तर आमची आंबील, फक्त तुम्ही तिच्यात अंडं आणि सॉसेज टाकून ती बाटवलीत. माझी आई इथे आली तेव्हा तुम्ही दोघी एकाच ओट्याशी करंज्या आणि पिएरोगी वळत बसलात. भाषा नाही, काही नाही. आई मराठीत सांगायची, “अहो, मुरड घाला, नाहीतर फुटतील,” आणि तू पोलिशमध्ये काहीतरी उत्तर द्यायचीस. नंतर मी आईला विचारलं, काय बोललात? आई म्हणाली, “तिचं दुखणं माझ्यासारखंच आहे. गुडघे.”

एक हिवाळी दुपार मात्र वेगळी होती. मोठ्या उत्साहाने मी तुला वळिवड्याची गोष्ट सांगितली. लढाईच्या काळात तुमच्या देशातल्या हजारो बायका-मुलांना आमच्या कोल्हापूरजवळ आसरा मिळाला होता, चांगली वसाहतच होती त्यांची, शाळा, चर्च, सगळं. मला वाटलं, तू भारावून जाशील, माझा हात धरशील. तू चहाचा पेला खाली ठेवलास आणि विचारलंस, “तिथे मेले किती? त्यांच्या कबरी कोण घासतं?”

मला माहीत नव्हतं. मी कोल्हापूरला पन्नास वेळा गेले असेन. अंबाबाई, चपला, मिसळ. कबरींचा विचारही कधी मनात आला नव्हता. शेवटी माझा भाऊ शिरीष कामानिमित्त तिकडे जाणार होता, त्याला गळ घातली. त्याने शोधत शोधत जाऊन फोटो पाठवले. कबरी होत्या, जागा राखलेली होती. शिरीषने जाताना मंडईतून शेवंतीचा हार नेला होता आणि एका कबरीवर घातला होता, अर्थातच फुलं न मोजता. तू फोन डोळ्यांजवळ नेऊन प्रत्येक नाव वाचलंस. मोठ्याने, हळूहळू. मग म्हणालीस, “तुझ्या भावाने माझ्या माणसांचं केलं.” एवढंच. पण तू हे मनात कुठेतरी बांधून ठेवलंस, ते मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी बाबा गेले. आमचे कागद तेव्हा नेमके अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता येईल याची खात्री नव्हती, नोकरी माझी, घर माझ्या नावावर. माझा नवरा नितीन म्हणाला, “तू जा, आपण बघून घेऊ.” वकील म्हणाला, जाऊ नका. मी वकिलाचं ऐकलं. बाबांना मी फोनच्या पडद्यावर पोचवलं. शिरीषने अस्थी माहुलीला संगमात सोडल्या तेव्हा इथे नेटवर्क गेलं, आणि परत आलं तोवर नदीच दिसत होती नुसती. तू आंबट सुपाचं भांडं घेऊन आलीस, माझ्यासमोर बसून मला चार चमचे खायला लावलेस आणि विचारलंस, “आता ते कुठे आहेत?”

“नदीत.”

“म्हणजे कुठे? तू कुठे बसणार त्यांच्याजवळ?”

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायचे, आमच्यात माणसाला धरून ठेवत नाहीत, सोडतात. दगड म्हणजे मागे राहिलेल्यांच्या गळ्यात धोंड. तू म्हणायचीस, ज्याला जागा नाही त्याला विसरणं सोपं जातं. मी म्हणायचे, विसरायला जागा लागत नाही. असं आपण वर्षानुवर्षं बोललो, चहावर, बर्फ उपसताना, गाडीत.

आणि मग ते दोन वर्षांपूर्वीचं. सेमेटरीच्या मध्यभागी मोठा क्रूस आहे. ज्यांची माणसं दूर आहेत, हरवलेली आहेत, ज्यांना कबरच नाही, त्यांच्यासाठी लोक त्या क्रूसाखाली दिवे लावतात, झाकणाचे काचेचे लाल दिवे. तू दर वर्षी तिथे एकटीच जायचीस, वडिलांसाठी, आणि मी काझिमिएझपाशी थांबायचे. त्या वर्षी वाट निसरडी होती म्हणून मी तुला धरायला मागून आले. तू दोन दिवे लावलेस. एक लावताना वडिलांचं नाव घेतलंस. दुसरा लावताना म्हणालीस, “आनान्त.”

माझ्या बाबांचं नाव अनंत.

“हे काय?” मी विचारलं.

“तुझे वडील. तीन वर्षं लावते आहे.”

मावशी, मी तुझ्यावर त्या दिवशी जशी ओरडले तसं कुणी आपल्या शत्रूवरही ओरडणार नाही. तुला कुणी सांगितलं होतं? विचारलंस मला? त्यांचं सगळं रीतसर झालेलं आहे, माझ्या भावाने केलंय, त्यांना क्रूसाखालच्या दिव्याची गरज नाही. आजूबाजूचे लोक बघत होते. तू दिव्याचं झाकण नीट बसवलंस आणि म्हणालीस, “त्यांना नाहीच गरज. त्यांच्यासाठी लावते असं कोण म्हणालं?”

सात आठवडे खिडकीतून टकटक नाही. तू चुकीची नव्हतीस म्हणून मला राग आला होता, हे आज कागदावर लिहायला सोपं आहे. मी गेले नव्हते, आणि तू रोज त्याच्यावर बोट ठेवते आहेस असं मला वाटायचं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मात्र तू बोलावलंस. तुमच्या रिवाजाप्रमाणे टेबलावर एक जास्तीचं ताट होतं, अवचित येणाऱ्यासाठी. तू नाताळची ती पातळ, बेचव पापडी पुढे केलीस, मी तुझ्यातला तुकडा मोडला, तू माझ्यातला. दोघींनी खाल्ली. माफी तुम्हालाही मागता येत नाही आणि आम्हालाही.

गेल्या नोव्हेंबरात, दगड घासून झाल्यावर, तू त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलंस. “मारेक अ‍ॅरिझोनात राहतो. थंडी त्याला सोसत नाही, आणि खरं तर त्याला हे आवडतही नाही. माझ्यानंतर वर्षातून एक दिवस तू येशील? हो की नाही?”

“बघू, मावशी,” मी म्हटलं.

“तुमच्याकडे सगळंच बघू,” तू म्हणालीस. “आमच्याकडे हो किंवा नाही. आणि मग तक्रार.”

तू आणखी दोनदा विचारलंस, ईस्टरला आणि जूनमध्ये. दोन्ही वेळा मी बघूच म्हटलं. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, आणि ते तोंडावर म्हणायची लाज. मी दमले होते गं. नोकरी गेली, सात महिन्यांनी मनासारखी नसलेली दुसरी मिळाली. आईच्या गुडघ्यांचं सातारला ऑपरेशन, रात्री-अपरात्री तिचे फोन. त्यात नितीनला व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, काम मिळालं आणि तो दर सोमवारी विमानाने जायला लागला. “यार, असं किती दिवस मॅनेज करणार?” तो म्हणायचा. “सप्टेंबरमध्ये घर सेलला लिस्ट करू, नाहीतर विंटरभर तसंच पडून राहील.” मी हो म्हटलं. तुला सांगायचं तेवढं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू. सई मला दोनदा म्हणाली, “आई, जस्ट टेल हर.” पण तुला सांगणं म्हणजे तुझ्या त्या प्रश्नाला नाही म्हणणं होतं, आणि ते मला जमत नव्हतं.

ऑगस्टमध्ये घराचे फोटो काढायला माणूस आला. कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. तुझा पडदा हलला. तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस. प्रत्येक गोष्टीवर बोलणारी तू गप्प राहिलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग ऑक्टोबर. एजंट बाईने घर देखणं दिसावं म्हणून आमच्या पायऱ्यांवर पिवळ्या शेवंतीच्या दोन मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या. इथे पानगळीत सगळेच ठेवतात. अमेरिकन लोक जित्याजागत्या घरांची कबरस्तानं करतात, असं तू दर वर्षी चिडून म्हणायचीस. त्या संध्याकाळी तू कुंपणापाशी आलीस. कुंड्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

“कोण गेलं?” तू विचारलंस. अगदी पहिल्या दिवशी विचारलं होतंस तसंच.

मी हसले. “कुणी नाही, मावशी.”

तू थोडा वेळ थांबलीस. मी बोलेन म्हणून थांबलीस, हे आता मला शपथेवर सांगता येईल. मग “बरं” म्हणून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी पडदा अर्धाच होता. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. तू ओट्यापाशी पडलेली होतीस, श्वास चालू होता. हॉस्पिटलात दोन दिवस मी तुझा हात धरून तुला सगळं सांगितलं, अ‍ॅशबर्न, घर, सगळं. नर्स म्हणाली, ऐकू येत असेल. मला नाही वाटत.

दफनाच्या दिवशी, हॉटेलातलं जेवण झाल्यावर, मारेकने गाडीतून एक कापडी पिशवी काढून दिली. वर माझं नाव, तुझ्या वाकड्या अक्षरात. आत तारेचा ब्रश, टूथब्रश, हातमोजे, साबणाची अर्धी बाटली, काड्यापेटी आणि तीन लाल दिवे. “उन्हाळ्यातच भरून ठेवली होती,” तो म्हणाला. “मला फोन करून विचारत होती, शिकागोहून व्हर्जिनिया गाडीने किती तास?” तळाशी एक पाकीट, त्याच्या पाठीवर तुझं इंग्रजी. फक्त एकदा ये. व्हर्जिनिया लांब आहे. पुढचं बघू.

तुला माहीत होतं. तू मला सोडवून गेलीस, आणि माझाच शब्द वापरून. हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मारेक बिचारा माझ्या पाठीवर थोपटत होता, आणि आई त्याची गेली होती.

आज एक नोव्हेंबर. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आधी डेव्हनला गेले. फुलवाला तोच आहे, फक्त केस पांढरे झालेत. अकरा काड्या घेतल्या. सेमेटरीत गाड्या लावायला जागा नव्हती. काझिमिएझच्या बाजूला शेवाळ धरलं होतं, ते टूथब्रशने काढलं. तुझ्या बाजूची माती अजून ओली आहे. तुझं दुसरं साल कोरणारा माणूस बर्फ वितळल्यावर येणार आहे. गुडघे दुखले, पाठ धरली, हातमोज्यांत पाणी गेलं. मनात शोक वगैरे काही नव्हतं, नुसतं घासणं होतं. अर्ध्या तासाने मला जाणवलं की मी तुझ्याशी बोलते आहे, तुझ्या साबणाची तक्रार करते आहे. दहा फुलं मोजून ठेवली. एक दिवा तुम्हा दोघांना लावला.

उरलेले दोन घेऊन क्रूसापाशी गेले. शेकडो दिवे पेटलेले होते, त्यांची ऊब पायांना लागत होती. तुझ्या वडिलांचा लावला. दुसरा मात्र पेटेना. वारा फार होता. तीन काड्या फुकट गेल्या. शेजारी जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी होती. तिने आपला दिवा उचलला, माझ्या दिव्याला टेकवला आणि वात पेटेपर्यंत धरून ठेवला. मी बाबांचं नाव घेतलं. दिव्याजवळ अकरावी शेवंती ठेवली.

म्हातारी बघत होती. आधी पोलिशमध्ये आणि मग तुझ्यासारख्याच इंग्रजीत तिने विचारलं, “इथे कोण आहे तुमचं?”

“मावशी,” मी म्हटलं. “आणि हे माझे वडील.”

“त्यांना कुठे पुरलंय?”

“नदीत सोडलं. लांब.”

तिने मान हलवली. त्या क्रूसाखाली हे कुणालाच नवं नसावं. मग टोपी सारखी करत, जाता जाता, तुमच्या लोकांच्या त्या सरळपणाने तिने विचारलं, “पुढच्या वर्षी याल?”

शनिवारी घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे. डिसेंबरात आम्ही अ‍ॅशबर्नला असू. अकरा-बारा तासांचा रस्ता आहे, विमानाचं तिकीट आहे, रजा नाही. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि जिभेवर आमचा तो शब्द आलाच होता. मी तो गिळला.

“हो,” म्हटलं.

एवढंच तर तू विचारत होतीस, मावशी. वर्षभर.